नववीच्या विज्ञानासाठी व्हॉट्सॲप आणि यूट्यूब: ग्रुपची नीट घडी कशी बसवावी?

खडूपेटी
नमस्कार. मी खेडेगावातल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. इयत्ता नववी, पट ४६. ३७ घरांत स्मार्टफोन आहे, पण तो आईचा नाहीतर वडिलांचा. मुलांच्या हाती येतो तो संध्याकाळी सातनंतर, तासभर. ९ घरांत साधा फोन आहे. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण त्यात सूचना, गृहपाठ, शुभेच्छा, फॉरवर्ड सगळं एकाच ढिगात पडतं. गृहपाठाचा फोटो टाका म्हटलं की पहिल्याचा फोटो आल्यावर पुढचे वीस फोटो त्याचीच नक्कल असतात.

ग्रुपची रचना कशी करावी? काय पाठवलं तर मुलं स्वतः विचार करतील? यूट्यूबवर छोटे व्हिडिओ टाकायचे तर काय सांभाळावं? आणि मुलांचे फोटो, पालकांचे नंबर याबाबत नियम काय? या कामाला रोज अर्ध्या तासाहून जास्त वेळ देता येणार नाही. जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं.

सूचनाफलक
मॅडम, आधी ढीग वेगळा करा. आताचा ग्रुप सूचनांसाठी राहू द्या आणि अभ्यासासाठी 'कम्युनिटी' उघडा. कम्युनिटी केली की तिच्यात घोषणांचा एक ग्रुप आपोआप तयार होतो. तिथं मेसेज फक्त ॲडमिन टाकतात, आणि मुख्य म्हणजे एका पालकाचा नंबर दुसऱ्या पालकाला दिसत नाही. साध्या ग्रुपला 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात' हे सेटिंग लावलं तरी सदस्यांच्या यादीत सगळे नंबर उघडेच राहतात. पुष्कळ शाळा इथंच चुकतात. बोलणं बंद केलं म्हणजे नंबर झाकले गेले, असं धरून चालतात.

ब्रॉडकास्ट लिस्टचा सल्ला कोणी देईल. तिच्यात २५६ नंबर बसतात, नंबरही एकमेकांना दिसत नाहीत. पण ज्या पालकानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला मेसेज जातच नाही, आणि तो गेला नाही हे तुम्हाला कोणी येऊन सांगत नाही. ४६ घरांचा हिशेब ठेवायचा तर हे जोखमीचं आहे.

सुरुवात करताना एवढं करा:

पालकांचे नंबर '९अ ०४ आई', '९अ १७ वडील' असे सेव्ह करा. एक आकडी हजेरी क्रमांकापुढे शून्य ठेवा. यादी हजेरीच्या क्रमानं लागते आणि निरोप कुठल्या घरून आला ते लगेच कळतं.

सामील होण्याची लिंक पुढे कोणाकडेही जाऊ शकते. म्हणून नवीन सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल असं सेटिंग चालू ठेवा आणि सगळे आत आले की लिंक रीसेट करा. दुसरा एक शिक्षक ॲडमिन म्हणून ठेवाच. तुमचा फोन बिघडला तर काम अडत नाही, आणि एकट्या माणसाच्या हाती सगळं राहत नाही.

दिवसाला एकच मेसेज, संध्याकाळी पावणेसातला. साडेआठनंतर काहीही नाही. प्रत्येक मेसेजची पहिली ओळ खुणेची ठेवा, उदाहरणार्थ 'वि-१-०३', म्हणजे विज्ञान, पहिला धडा, तिसरा मेसेज. परीक्षेच्या वेळी मुलाला शोधपट्टीत 'वि-१' टाकलं की पूर्ण धडा सापडतो. आठवड्याचा मुख्य प्रश्न ७ दिवसांसाठी पिन करा.

एक चूक मात्र उशिरा लक्षात येते. व्हॉट्सॲप ही साठवणीची जागा नाही. फोनची मेमरी भरली की पालक आधी व्हिडिओ आणि ऑडिओ उडवतात. न उतरवलेली फाइल महिनाभरानं सर्व्हरवरूनही जाते. नव्यानं आलेल्या पालकाला जुने मेसेज आपोआप दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक फाइलची मूळ प्रत त्याच खुणेच्या नावानं गूगल ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याची लिंक ग्रुपच्या वर्णनात टाका.

प्रयोगवही
नक्कल का होते? कारण प्रश्नाचं उत्तर पुस्तकात छापलेलं असतं आणि जमा करायची जागा सगळ्यांना दिसणारी असते. दोन्ही बदला. फोनवरून फक्त प्रश्न पाठवा. उत्तर वहीत लिहून वर्गात येऊ द्या. फोटो मागवूच नका. ४६ फोटो उघडून तपासण्यातच तुमचा अर्धा तास संपतो, शिवाय फोन नसलेली मुलं तिथंच गळतात.

प्रश्न कसा हवा? गतीचे नियम शिकवायच्या *आदल्या* संध्याकाळी हा पाठवून बघा:

'चेंडू सरळ वर फेकला. तो हातातून सुटलाय आणि अजून वर चाललाय. हवेचा विरोध सोडून द्या. या क्षणी चेंडूवर कोणतं बल आहे?
अ) फक्त वरच्या दिशेनं, हातानं दिलेलं
ब) वर हाताचं आणि खाली गुरुत्वाकर्षणाचं, पण वरचं जास्त
क) फक्त खाली, गुरुत्वाकर्षणाचं'

ब ला भरपूर मतं पडतात. वस्तू ज्या दिशेला जाते त्या दिशेला बल असलंच पाहिजे, ही समजूत अगदी लहानपणापासूनची असते. न्यूटनचा पहिला नियम तोंडपाठ असलेली मुलंही इथं ब निवडतात. बरोबर उत्तर क आहे, कारण हात सुटला की हाताचं बल संपलं. चेंडू वर जातोय तो त्याला मिळालेल्या वेगामुळे, आणि गुरुत्वाकर्षण तो वेग कमी करत आणतंय. पण हे ग्रुपवर लिहू नका. 'आपला पर्याय आणि कारण दोन ओळींत वहीत लिहा' एवढंच सांगा. दुसऱ्या दिवशी ब वाला आणि क वाला शेजारी बसवा, तीन मिनिटं एकमेकांना पटवू द्या, मग पुन्हा हात वर करायला लावा. किती हात बदलले त्यावरून धडा कुठून सुरू करायचा ते कळतं.

पोल वापरणार असाल तर तीन अडचणी माहीत असू द्या. एक, कोणी काय निवडलं ते नावानिशी दिसतं, म्हणून हुशार मुलाचं मत पडलं की बाकीचे त्याच्यामागे जातात. दोन, 'एकापेक्षा जास्त उत्तरं' ही कळ पोल बनवताना आधीपासून चालू असते. ती बंद करा. तीन, मत नंतर बदलता येतं, त्यामुळे सकाळचे आकडे रात्रीचे राहत नाहीत. आकडे हवेच असतील तर गूगल फॉर्म बरा. त्यात ईमेल गोळा करणं बंद ठेवा. 'एकच प्रतिसाद' हे सेटिंगही बंद ठेवा, कारण ते गूगल लॉगिन मागतं आणि एका फोनवर दोन भावंडं असली की दुसऱ्याचा फॉर्म अडतो. नावाऐवजी हजेरी क्रमांकाची ड्रॉपडाउन यादी (निवडायची यादी) द्या, म्हणजे नावाची दहा स्पेलिंगं येत नाहीत. गुण लगेच दाखवू नका.

आवाजी मेसेजचं महत्त्व कमी लेखू नका. एका मिनिटाचा आवाज दीडशे केबीच्या आसपास जातो, तेवढ्याच वेळाचा व्हिडिओ कित्येक एमबी खातो. रेंज कमी असलेल्या गावात आवाज पोचतो, व्हिडिओ फिरत बसतो. दीड मिनिटाच्या वर जाऊ नका. पहिलं वाक्य हातात काय घ्यायचं त्याचं: वही, पेन्सिल, पुस्तकाचं पान. मग प्रश्न. मग 'इथं थांबवा आणि लिहा'. स्वयंपाक करता करता आईच्याही कानावर पडतं, तेही फायद्याचंच.

आठवड्याला एवढं पुरे: प्रश्नाचे तीन दिवस, एक आवाजी मेसेज. प्रश्न परतून विचारा. सोमवारी शिकवलेलं मंगळवारी, तेच वेगळ्या रूपात शुक्रवारी, आणि पुन्हा पुढच्या आठवड्यात. रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. सोशल मीडियाचा अभ्यासाला खरा उपयोग इथं आहे. शिकवणं वर्गात होतं, पण आठवण करून द्यायला शिक्षक घरी जाऊ शकत नाही. मेसेज जाऊ शकतो. २०२० मध्ये शाळा बंद असताना राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं व्हॉट्सॲपवर 'स्वाध्याय' चालवला, त्याचाही गाभा दर आठवड्याचे थोडे प्रश्न हाच होता. त्याला कारण लिहिण्याची जोड तुम्ही द्या.

तिपाई
यूट्यूबचं सांगतो.

लांबी ४ ते ६ मिनिटं, एका व्हिडिओत एकच मुद्दा. 'गतीचे नियम' हा व्हिडिओचा विषय होत नाही, 'गाडीला ब्रेक लागल्यावर आपण पुढे का जातो' हा होतो. कॅमेऱ्यावर खर्च करू नका, आवाजाकडे लक्ष द्या. चित्र अंधुक असलं तर मुलं सहन करतात, आवाज घुमला की बंद करतात. पंखा बंद, खिडकी लावलेली, वायरवाल्या इअरफोनचा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा बाजूला, म्हणजे श्वासाचा फुसफुस आवाज येत नाही. रिकाम्या वर्गात आवाज घुमतो. पडदे, दप्तरं, चादरी असलेली खोली बरी.

फळ्यावर शिकवत असाल तर खिडकीचा उजेड फळ्यावर समोरून पडू देऊ नका, बाजूनं येऊ द्या. नाहीतर मधला भाग चकाकतो आणि नेमकं समीकरणच दिसत नाही. फोन आडवा धरा. एका वेळी फळ्यावर पाच-सहा ओळींपेक्षा जास्त नको, कारण मूल हे हाताएवढ्या पडद्यावर बघणार आहे. तिपाई नसेल तर कागदावर लिहीत वरून चित्रण करणं सोपं. दोन खुर्च्यांच्या पाठींवर फूटपट्टी आडवी टाकून तिच्यावर फोन ठेवला तरी भागतं, फक्त लिहिताना टेबल हलू देऊ नका.

अपलोड करताना दृश्यता 'अनलिस्टेड' ठेवा. लिंक असेल तो बघू शकतो, शोधात सापडत नाही. 'प्रायव्हेट' केलं तर प्रत्येकाचा ईमेल टाकून आमंत्रण द्यावं लागतं आणि ५० ची मर्यादा असते. पालकांसाठी ते जमणारं नाही. पण अनलिस्टेड म्हणजे गुप्त नव्हे, लिंक पुढे जाऊ शकते. म्हणून व्हिडिओत मुलं दिसू देऊ नका. तुमचे हात, फळा, वस्तू एवढंच.

'मुलांसाठी बनवलेला' हा प्रश्न यूट्यूब विचारतं. ही अट अमेरिकेतल्या १३ वर्षांखालच्या मुलांच्या कायद्यातून आली आहे. चौथी-पाचवीसाठी व्हिडिओ असेल तर 'हो' म्हणा. मग कमेंट बंद होतात, व्यक्तीनुसार जाहिराती दाखवल्या जात नाहीत, शेवटच्या पडद्यावरचे दुवेही जातात. नववीची मुलं १४-१५ वर्षांची, तेव्हा 'नाही' निवडा आणि कमेंट स्वतः बंद करा. मग शेवटच्या पडद्यावर तुमचाच पुढचा व्हिडिओ लावता येतो. हे जरूर करा. नाहीतर घर्षणाचा व्हिडिओ संपल्याबरोबर यूट्यूब शेजारी दुसरंच काहीतरी सुचवतं, आणि त्या एका तासाचं काय होतं ते सांगायला नको. त्यासाठी व्हिडिओ किमान २५ सेकंदांचा लागतो आणि तो पडदा शेवटच्या ५ ते २० सेकंदांवर बसतो, म्हणून बोलणं संपल्यावर दहा सेकंद कोरा फळा तसाच चालू ठेवा.

पाठीमागे संगीत नको. सिनेमाच्या गाण्याचा तुकडा असला तर स्वामित्वाचा दावा लागतो आणि तुमच्या व्हिडिओवर दुसऱ्याच्या जाहिराती चालू शकतात. पाठ्यपुस्तकाची पानंच्या पानं दाखवून वाचूही नका. वर्गात शिकवताना उतारा वापरायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मोकळीक आहे, उघड्या चॅनेलवर छापील पुस्तक चढवणं ही वेगळी गोष्ट. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट मिळतात, तीच लिंक द्या. आणि नवं बनवण्याआधी पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून 'दीक्षा' या सरकारी शैक्षणिक ॲपवर काय आहे ते बघा. चांगलं असेल तर तेच वापरा, वेळ वाचतो.

संमतीपत्र
फोटो आणि नंबरांबद्दल.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली जाते आणि तिची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी हे करायलाच हवं. मूल स्वतःचा फोटो परत घेऊ शकत नाही.

'मला मान्य आहे' अशी एकच सही घेऊ नका. चार वेगळ्या ओळी, प्रत्येकीपुढे हो/नाही: माझा नंबर अभ्यासाच्या ग्रुपमध्ये घालावा; पाल्याच्या वहीचा फोटो नावाशिवाय दाखवावा; पाल्याचा आवाज वापरावा; पाल्याचा चेहरा दिसेल असा फोटो टाकावा. शेवटच्या ओळीला बरेच पालक 'नाही' म्हणतील. तो त्यांचा हक्क आहे, आणि त्यामुळे मुलाचं कुठलंही काम अडणार नाही हे पत्रातच लिहा. संमती दर वर्षी नव्यानं घ्या.

गुणांची यादी ग्रुपवर कधीही टाकू नये. 'छान वही' म्हणून एकाचा फोटो टाकतानाही नाव झाका. पाठीमागे शाळेच्या नावाची पाटी, छातीवर ओळखपत्र दिसतंय का ते बघा. फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर स्पष्ट जातो, पण कुठे काढला ती स्थळाची माहितीही फाइलसोबत जाऊ शकते. साधा फोटो म्हणून एचडीत पाठवा.

व्हॉट्सॲपची किमान वयोमर्यादा १३ आहे. तुमच्या वर्गाला ती अडत नाही, पण हीच मांडणी पाचवी-सहावीला करणार असाल तर खातं पालकांचंच हवं. रात्री मुलाचा खासगी मेसेज आला तर उत्तर दुसऱ्या दिवशी वर्गात द्या. मजकूर काळजीचा असेल तर मुख्याध्यापकांना लगेच कळवा. १०९८ ही बालकांची हेल्पलाइन ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवा.

आणि एक तासिका याच विषयाला द्या. 'असर २०२४' या शिक्षणविषयक पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी सुमारे ६२ टक्क्यांना एखाद्याला ब्लॉक करता येत होतं, ५५ टक्क्यांना प्रोफाइल खासगी करता येत होतं. म्हणजे मुलं तिथं आधीच आहेत, दार लावायचं कसं ते अनेकांना ठाऊक नाही. ब्लॉक करणं, तक्रार नोंदवणं, पासवर्ड बदलणं आणि दोन टप्प्यांची पडताळणी, एवढं प्रत्यक्ष करून दाखवा.

खडूपेटी
सगळ्यांचे मनापासून आभार. कम्युनिटीची गोष्ट माहीतच नव्हती. आता दोन शंका. ज्या ९ घरांत स्मार्टफोन नाही त्यांचं काय करायचं? आणि इन्स्टाग्रामवर वर्गाचं पान काढा असा मुलांचाच आग्रह आहे, तो ऐकावा का? घरच्या प्रयोगाचं एखादं उदाहरणही हवंय.

मागचा_बाक
या ९ मुलांचा विचार आधी, ग्रुपचा नंतर. संध्याकाळी जो प्रश्न जाणार तोच शाळा सुटताना फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहा, शब्द न शब्द तोच. खुणेचा आकडाही तोच. म्हणजे फोनवरचा मेसेज ही फक्त आठवण राहते, नवीन माहिती नाही. व्हिडिओ असेल तर दुसऱ्या दिवशी तास सुरू होताना पहिली चार मिनिटं शाळेच्या टीव्हीवर किंवा तुमच्या फोनवर तो या मुलांना दाखवा. ज्यांनी घरी पाहिलाय त्यांनी तोवर वहीतलं कारण पूर्ण करावं. आवाजी मेसेजसाठी साधा फोनही चालतो. एका वस्तीतल्या तीन मुलांना एकत्र फोन लावा, स्पीकरवर ठेवायला सांगा, दीड मिनिटात काम होतं.

'शेजाऱ्याच्या फोनवर बघ' असं मात्र सांगू नका. मुलींना ते जमत नाही आणि काही घरांत मागायला लाज वाटते. ग्रुपमधल्या उत्तराला गुणही देऊ नका. गुण दिले की फोन असणं हीच पात्रता होते.

तिपाई
इन्स्टाग्राम नको, माझं स्पष्ट मत. तिथं प्रश्न आणि रील एकाच पट्टीत सरकतात, पाच सेकंदांत प्रश्न मागे पडतो. जुनी पोस्ट शोधणं अवघड, आणि मुलांनी पानाला फॉलो केलं की त्यांची खाती अनोळखी लोकांना सापडतात. मुलांचा उत्साह वाया घालवायचा नसेल तर त्यांना रील *बनवू* द्या, टाकू देऊ नका. ६० सेकंदांत एक संकल्पना, चेहरा न दाखवता, आधी कागदावर आठ ओळींची संहिता. शनिवारी वर्गात दाखवायची. संहिता लिहिताना त्यांना कळतं की आपल्याला नेमकं काय समजलेलं नाही.

प्रयोगवही
घरचा प्रयोग: हळदीचा कागद, आम्ल-आम्लारी धड्यासाठी. शुक्रवारी मेसेज, सोमवारी वर्गात.

अर्धा चमचा हळद, दोन चमचे पाणी. वर्तमानपत्राची कोरी कड दोन बोटं रुंद कापून त्यात बुडवायची आणि सावलीत वाळवायची. उन्हात वाळवली तर हळदीचा रंग उडतो. वहीचा गुळगुळीत कागद रंग नीट शोषत नाही. वाळल्यावर तीन थेंब वेगवेगळ्या जागी: कपड्याच्या साबणाचं पाणी, लिंबाचा रस, साधं पाणी. साबणाचा डाग लालसर तपकिरी होतो, लिंबाचा पिवळाच राहतो. आता लाल डागावर लिंबू टाकून काय होतं ते लिहा, हा खरा प्रश्न.

मेसेजमध्ये ठळक लिहा: फरशीचं किंवा संडासाचं ॲसिड आणि ब्लीच वापरायचं नाही.

काहींचा डाग लाल होणार नाही. बहुतेक वेळा अंगाला लावायचं सौम्य द्रव साबण किंवा शांपू वापरलेला असतो आणि तो उदासीनच्या जवळ असतो. खाण्याच्या सोड्यानंही रंग फिका येतो, कारण तो फारच सौम्य आम्लारी आहे. ही 'चुकलेली' मुलं सोमवारी पहिली बोलू द्या, धडा तिथूनच उघडतो. रंगाचा फोटो मागवू नका. रात्री पिवळ्या दिव्याखाली रंगांतला फरक नीट कळत नाही. कागद वहीला टाचणीनं टाचून आणायला सांगा, खळ लावली तर ओल रंगावर पसरते.